प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं, मग पंधरा दिवस थांबायचं कशाला?

"डॉक्टर, ऑपरेशन करायचं ठरलंय ना? मग उद्याच करून टाका. नळी लावून पंधरा दिवस घरी कशाला बसवता?"

नरडाणा आणि आजूबाजूच्या गावांतून प्रोस्टेटचे जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांचा हा ठरलेला प्रश्न. विचारणारे बहुतेक वेळा आजोबा नसतात, त्यांचा मुलगा असतो. त्याला कपाशीची वेचणी दिसत असते, नाहीतर एमआयडीसीतली सुट्टी संपत आलेली असते. आजोबा गप्प बसून पायाला बांधलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत असतात.

मी फिजिशियन आहे, ऑपरेशन करत नाही. सर्जन चिठ्ठीवर "फिजिशियन फिटनेस" असं लिहून रुग्णाला माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीचे हे दिवस माझ्या वाट्याला येतात, आणि "उशीर करणारा डॉक्टर" ही पदवीही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. प्रोस्टेटच्या ऑपरेशनात पूर्वी माणसं का दगावत, आणि ते प्रमाण कमी कसं झालं, हे कळलं की फिटनेसच्या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ कुठून आली ते तुमच्या लक्षात येईल.

पुढे उभी असलेली गाठ

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ "पुढे उभा असलेला", आणि आपल्या मराठी परिभाषेतला "पुरःस्थ" हा शब्दही नेमकं तेच सांगतो. पन्नाशीनंतर ही ग्रंथी वाढू लागते आणि मधला मार्ग आवळला जातो. धार बारीक होते, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, लघवी झाल्यावरही झाली असं वाटत नाही. एखाद्या रात्री ती पूर्ण तुंबते आणि मग गाडी करून धुळ्याला पळापळ होते.

सुश्रुतसंहितेत लघवी तुंबण्याच्या आजारांचे बारा प्रकार दिले आहेत. त्यातल्या एकाचं वर्णन असं की मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्या मधल्या जागेत गोट्यासारखी घट्ट, उंचवटा आलेली गाठ होते आणि लघवी अडते. नाव अष्ठीला. आज आम्ही गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासतो, ते याच जागी.

मूतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सुश्रुतांनी सांगितलेल्या दोन गोष्टी तर आजच्या कुठल्याही वॉर्डात चालतील अशा आहेत. एक म्हणजे, एरवी शस्त्रक्रियेआधी रुग्णाला खाऊ घालावं असं ते सांगतात, पण पोट, मूळव्याध, मूतखडा अशा काही शस्त्रक्रियांसाठी रुग्ण उपाशी असावा असा अपवाद करतात. दुसरी म्हणजे, शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू ठरलेला आहे आणि केल्यास यशाची खात्री नाही, म्हणून वैद्यानं आधी राजाला विचारून परवानगी घ्यावी. आज त्या राजाच्या जागी तुम्ही आहात. संमतीपत्रावर सही तुमची लागते.

हिंदुस्थानात शिकलेला सर्जन

आपल्या गावावरून जाणारा आग्रा रोड शिरपूर, सेंधवा करत इंदूरला पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे डेनिस कीगन नावाचे रेसिडेन्सी सर्जन होते. मूतखडा झाला की पोटाखालून चिरून तो काढायचा, ही तोवरची रीत. बोस्टनच्या बिगेलो यांनी १८७८ साली लघवीच्या वाटेनं अवजार आत घालून खडा फोडायची आणि चुरा त्याच बैठकीत धुऊन काढायची पद्धत आणली. लहान मुलांत हे जमणार नाही, वाट फार अरुंद असते, असा समज होता. कीगन यांनी इंदुरात मुलांवरही ती पद्धत करून दाखवली.

त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात पीटर फ्रायर नावाचे आयरिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. १८७५ साली ते इथे आले आणि वीसेक वर्षं राहिले. त्यांनीही शेकडो मूतखडे असे फोडून काढले. रामपूरच्या नवाबाचा खडा काढल्यावर नवाबानं त्यांना एक लाख रुपये दिले, अशी त्यांची ख्याती. १८९६ साली निवृत्त होऊन फ्रायर लंडनला गेले आणि तिथल्या सेंट पीटर्स रुग्णालयात लागले. १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ६९ वर्षांच्या एका रुग्णाचं पोट बेंबीखाली उघडलं, मूत्राशयात बोट घातलं आणि वाढलेली प्रोस्टेट, संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तशी, बोटानं सोडवून काढली. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला.

अशी ऑपरेशनं त्याआधी कोणी केलीच नव्हती, असं नाही. न्यूयॉर्कच्या फुलर यांनी केली होती, लीड्सच्या मॅकगिल यांनी काही भाग काढून पाहिला होता, आणि पहिला मान कोणाचा यावर पुढे कडवट भांडण झालं. ते सोडून देऊ. रुग्णांच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की फ्रायर यांच्यानंतर हे ऑपरेशन नेहमीचं झालं.

त्याआधी काय होतं, तेही सांगायला हवं. घराघरांत म्हातारे लोक स्वतःच धातूची किंवा रबराची नळी घालून लघवी काढत. नळी कशी उकळायची, हे कोणाला ठाऊक नसे. जंतुसंसर्ग व्हायचा, थंडी वाजून ताप भरायचा आणि काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत सगळं संपायचं. दुसरा उपाय त्याहून भयंकर. फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी १८९३ च्या सुमारास प्रोस्टेट आटवण्यासाठी दोन्ही अंडकोष काढून टाकायची कल्पना मांडली आणि काही वर्षं ती खरोखर अमलात आली. त्यानंतरही कित्येक दशकं प्रोस्टेटच्या ऑपरेशनबरोबर नसबंदी करत असत. लघवीतले जंतू वृषणापर्यंत पोचू नयेत, एवढाच हेतू. "या ऑपरेशनानं माणूस कामातून जातो" ही जी भीती आजही पारावर बोलली जाते, तिला असा इतिहास आहे. ती भीती अडाणीपणाची म्हणून मी कधी उडवून लावत नाही. आज काय खरं आहे, ते पुढे सांगतो.

ऑपरेशन यशस्वी, रुग्ण मात्र गेला

फ्रायर यांच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या हजारेक रुग्णांत शंभरामागे पाच-सहा दगावले. त्या काळात हा आकडा फार चांगला मानला गेला, कारण इतर अनेक ठिकाणी तो याच्या कितीतरी पट होता. ऑपरेशन तेच, वाढ तशीच, मग फरक कुठे?

सर्जन लोकांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली होती. रुग्ण टेबलावर दगावत नसे, रक्तस्रावही आटोक्यात असे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो झोपाळू व्हायचा, जीभ कोरडी तपकिरी पडायची, उचकी लागायची, तो बरळायचा आणि जायचा. ही मूत्रपिंडं निकामी झाल्याची लक्षणं. म्हणजे प्रोस्टेट गेली होती, पण तिनं आधीच जे बिघडवलं होतं त्यानं माणूस मारला.

हे कसं होतं ते समजून घ्या. पाटचारीचं पुढचं तोंड बंद झालं की पाणी मागे फुगतं आणि बांध फोडतं. लघवी अडली की मूत्राशय फुगतं, दाब वर चढत जातो, मूत्रपिंडं सुजतात आणि त्यांचं गाळायचं काम मंदावतं. महिनोन्महिने हे चालतं, तेही न दुखता. म्हणूनच ते कळत नाही. पायावर सूज, भूक मेलेली, मळमळ अशा तक्रारी घेऊन आजोबा माझ्याकडे "अशक्तपणाचं सलाईन" लावायला येतात. पोटावर हात ठेवला की बेंबीपर्यंत फुगलेलं मूत्राशय लागतं आणि क्रिएटिनिन वाढलेलं निघतं.

या कोड्यावर दोन उत्तरं सापडली. पहिलं उत्तर म्हणजे तपासणी. १९१० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात राऊंट्री आणि जेराटी यांनी एक युक्ती काढली. एक रंग टोचायचा आणि ठरावीक वेळात त्यातला किती लघवीतून बाहेर पडतो ते मोजायचं. मूत्रपिंडं चांगली असली तर लघवी चटकन लाल दिसायची, थकलेली असली तर रंग येतच नसे. जेराटी हे स्वतः मूत्ररोगांचे सर्जन होते. कोणाला टेबलावर घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं, हे ठरवायला त्यांना काहीतरी हवं होतं. पुढे रक्तातला युरिया आणि नंतर क्रिएटिनिन मोजणं सोपं झालं. तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ या घराण्यातली आहे.

दुसरं उत्तर म्हणजे थांबणं. सर्जन एका ऑपरेशनाचे दोन भाग करू लागले. आधी फक्त पोटातून मूत्राशयात नळी ठेवायची आणि लघवीला वाट करून द्यायची. मग काही आठवडे रुग्णाला खाऊपिऊ घालायचं, मूत्रपिंडं सावरू द्यायची, युरिया खाली आला की प्रोस्टेट काढायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अनेक रुग्णालयांत असंच चालायचं. रुग्ण महिना-महिना खाटेवर असत. पण ते घरी परत जात.

तुम्हाला लावलेली नळी आणि दिलेले पंधरा दिवस म्हणजे त्या दोन भागांतला पहिला भाग. फक्त आता पोट कापावं लागत नाही, कारण नळी सुधारली. फ्रेडरिक फोले या अमेरिकन सर्जननं १९३० च्या दशकात टोकाला फुगा असलेली रबरी नळी बनवली. मुळात ती प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं रक्त फुग्याच्या दाबानं थांबवण्यासाठी होती. फुग्यामुळे ती आपोआप जागेवर राहते, म्हणून पुढे ती जगभर सगळ्याच कामांना वापरली जाऊ लागली. तोवर नळी चिकटपट्टीनं नाहीतर दोरीनं बांधून ठेवावी लागे.

नळी घातल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत कधी कधी लघवीचा पूर येतो, दिवसाला चार-पाच लिटरसुद्धा. घरचे घाबरतात आणि पाणी द्यायचं बंद करतात. असं करू नका, डॉक्टरांना कळवा. तुंबलेली मूत्रपिंडं मोकळी होताना असं होतं, आणि त्या वेळी पाणी व क्षार भरून द्यावे लागतात. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा. मोटारसायकलवर मागे बसताना ती मांडीवर ठेवली तर पिशवीतली लघवी उलटी आत जाते.

दोन पुढारी

आजार लपवणारे आणि आजाराला घाबरून घाईनं निर्णय घेणारे, दोन्ही प्रकार मी रोज बघतो. जगाच्या इतिहासात दोन्हींची मोठी उदाहरणं एकमेकांना लागून आहेत.

ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांची लघवी अचानक तुंबली. १० तारखेला ऑपरेशन झालं. आपल्याला आता फार काम झेपणार नाही, आजार गंभीर असणार, या समजुतीत त्यांनी त्याच महिन्यात पंतप्रधानपद सोडलं. गाठ साधी निघाली, कर्करोग नव्हता. मॅकमिलन त्यानंतर २३ वर्षं जगले आणि १९८६ साली ९२ व्या वर्षी गेले.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी उलट केलं. मार्च १९६४ मध्ये ते कपड्यांखाली नळी बाळगून मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेले, कोणाला पत्ता लागू दिला नाही, आणि एप्रिलमध्ये पॅरिसला गुपचूप ऑपरेशन करून घेतलं. पुढची पाच वर्षं ते पदावर होते. त्यांच्या दिमतीला डॉक्टर होते, म्हणून ते निभावलं. धुऱ्यावर एकट्यानं नळी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यानं तो कित्ता गिरवू नये.

आणखी एक माणूस मला आवडतो, तो म्हणजे अमेरिकेतला "डायमंड जिम" ब्रेडी. हिऱ्यांचा शौकीन, खाण्याचा राक्षस. त्याला मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता, मूत्रपिंडं बिघडलेली होती. म्हणून इतर सर्जननी त्याला हात लावायला नकार दिला. १९१२ साली बाल्टिमोरच्या ह्यू यंग यांनी पोट न उघडता, लघवीच्या वाटेनं आपलं खास अवजार घालून त्याचा अडथळा कापला. ब्रेडीनं खूश होऊन दिलेल्या पैशांतून १९१५ साली मूत्ररोगांची मोठी संस्था उभी राहिली. चिरा न देता करायच्या ऑपरेशनांची ही एक सुरुवात. मॅक्समिलियन स्टर्न आणि जोसेफ मॅकार्थी यांनी १९२६ ते १९३२ या काळात ते अवजार सुधारलं, आणि आज ज्याला तुम्ही "दुर्बिणीचं ऑपरेशन" म्हणता ते टीयूआरपी त्यातून घडलं. तुमची शुगर जास्त आहे म्हणून ऑपरेशन होणारच नाही, असं समजू नका. शुगर आटोक्यात आणून होतं.

चिठ्ठीतल्या बाकीच्या ओळी

लघवीची कल्चर तपासणी: वाढलेल्या प्रोस्टेटमागे साचलेली लघवी म्हणजे डबकं. त्यात जंतू असताना ऑपरेशन केलं तर ते रक्तात शिरतात. १९४५ साली टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता प्रोस्टेट काढायची नवी वाट दाखवली आणि एकाच टप्प्यात ऑपरेशन करणं रूढ होत गेलं. त्यामागे त्यांच्या हाताइतकाच वाटा सल्फा, पेनिसिलिन आणि रक्त देण्याची सोय यांचा होता. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तो घाई केल्यानं लवकर येत नाही. नेमकं औषध त्यातूनच कळतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची गुरं विनाकारण रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी लागलेला एक प्रकारचा गवती चारा खाल्ल्यानं हे होतंय, असं निघालं. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांनी १९४० च्या सुमारास त्यातला पदार्थ वेगळा केला. त्याच्याच एका भावंडाला वॉरफेरिन नाव देऊन १९४८ साली उंदराचं औषध म्हणून विकलं, आणि १९५४ पासून ते माणसांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायला लागले. गुरं राखणाऱ्याला ही गोष्ट सांगितली की गोळीचं महत्त्व लगेच पटतं.

प्रोस्टेटची जागा रक्तानं भरलेली. म्हणून वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, तसंच नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ऑपरेशनआधी काही दिवस बंद कराव्या लागतात. किती दिवस, ते गोळीगणिक वेगळं. पण मनानं बंद करू नका! हृदयात स्टेंट टाकून थोडेच महिने झाले असतील तर गोळी थांबवल्यावर स्टेंट बंद पडून जीव जाऊ शकतो. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलून नळीवर किंवा औषधांवर दिवस काढणं शहाणपणाचं ठरतं. ॲस्पिरिनचा कमी डोस बऱ्याचदा चालू ठेवता येतो. काय करायचं ते सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन मिळून ठरवतील. तुमचं काम एकच, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. "एक लाल गोळी आहे, छोटीशी" एवढ्यावर मला काही कळत नाही. सांधेदुखीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं आणा.

त्याच पिशवीत टॅम्सुलोसिन नावाची गोळी असेल. लघवी मोकळी होण्यासाठी ती प्रोस्टेटच्या बहुतेक रुग्णांना दिलेली असते. ती खाणाऱ्यांच्या डोळ्याची बाहुली मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लुळी पडते, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा मोतीबिंदूच्या शिबिरात जाल तेव्हाही ती गोळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वर्षभरापूर्वी बंद केली असली तरी सांगा.

शुगरच्या गोळ्यांत ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असतं, त्या साधारण तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. इन्सुलिनचा डोस उपाशी दिवसाप्रमाणे बदलावा लागतो. बीपीची गोळी बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. पण तुमच्यासाठी काय, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. विडी, तंबाखू तर आज वाचताक्षणी बंद. खोकला आला की ताज्या जखमेवर ताण पडतो, आणि छातीत कफ साचलेला असेल तर भूलतज्ज्ञ तुम्हाला परत पाठवतील.

उपाशी राहणं: सुश्रुतांचा अपवाद आठवा. आधुनिक वैद्यकात या नियमाला धार आली ती १९४६ साली. न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेलसन यांनी दाखवलं की भूल दिलेल्या बाळंतिणींच्या पोटातलं अन्न-आम्ल फुप्फुसात जाऊन त्या दगावतात. "पण मला तर कमरेत इंजेक्शन देणार, मग उपाशी कशाला?" असं तुम्ही विचाराल. कारण कमरेची भूल अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते. जेवण किमान सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि तेही भूलतज्ज्ञ सांगतील तसं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. अर्धा कपसुद्धा नाही. पहाटे पाचला चूल पेटवून आबांना चहा देणारी सून प्रेमानं देते, पण त्या चहानं यादीतला नंबर जातो.

कमरेची भूल जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली वापरात आणली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तिचा एक वेगळाच फायदा आहे. आत दिसावं म्हणून पाण्याची धार सतत सोडतात आणि त्यातलं काही कापलेल्या नसांमधून रक्तात शिरतं. सुरुवातीला साधं पाणी वापरत, त्यानं रक्तपेशी फुटत. १९४० च्या दशकाच्या शेवटी ग्लायसिनचं द्रावण आलं, पेशी फुटायच्या थांबल्या. पण फार वेळ चाललं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि रुग्ण गोंधळतो. म्हणून भूलतज्ज्ञ तुमच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत राहतात. उत्तर भलतंच आलं की ते सावध होतात. आता अनेक ठिकाणी बायपोलर किंवा लेझर यंत्रावर साधं सलाईन चालतं, तो धोका बराच कमी झाला आहे. तुमचं ऑपरेशन कुठल्या पद्धतीनं होणार, हे विचारायला संकोच करू नका.

सही करण्याआधी

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते तेव्हा येरवड्याचे कैदी होते आणि सर्जन कर्नल मॅडॉक सरकारी अधिकारी. काही बरंवाईट झालं असतं तर देशभर आग लागली असती. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं गेलं, मजकूर तयार झाला, डॉक्टरांवर आपला विश्वास आहे असं नोंदवून गांधीजींनी सही केली. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. संमती म्हणजे काय, याचं हे मला पटणारं उदाहरण आहे. ज्याच्या अंगावर सुरी चालणार त्यानं शुद्धीत, समजून केलेली सही.

आपल्याकडे मात्र फॉर्म मुलगा भरतो, आजोबांना अंगठा कुठे करायचा ते दाखवतात. मग सहा महिन्यांनी आजोबा एकटे येतात, दार लावून घेतात आणि विचारतात. तेव्हा आताच ऐका. टीयूआरपीनंतर बहुतेकांची लैंगिक ताठरता पूर्वीसारखीच राहते, काहींत कमी होते. पण वीर्य बाहेर येत नाही, ते मागे मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. हे बहुसंख्य रुग्णांत होतं, त्यानं अपाय काही नाही, पण आधी माहीत नसलं तर माणूस हादरतो. बायकोलाही सांगा. काही आठवडे लघवीची घाई होते, थोडी गळते, बहुतेकांची थांबते. आणि हे ऑपरेशन साध्या वाढीचं आहे. संत्र्याची साल आत राहतेच, त्यामुळे पुढे कर्करोग होणारच नाही अशी हमी नाही.

पैशाचंही आधीच बघा. राज्य सरकारची जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तुमचं ऑपरेशन, तुमचं रेशनकार्ड आणि तुम्ही निवडलेलं रुग्णालय त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

घरची तयारी: इसबगोल आधीपासून सुरू करा, कुंथून शौच झालं की जखमेतून रक्त येतं. सैल दात, कवळी यांची माहिती भूलतज्ज्ञांना द्या. सोबत राहणारा माणूस रात्री जागू शकेल असा ठेवा, कारण ऑपरेशननंतर एक-दोन दिवस तीन तोंडांच्या नळीतून सलाईनच्या बाटल्या सारख्या आत सोडाव्या लागतात आणि बाटली संपली तर गुठळी अडकून नळी बंद पडते. पिशवीतलं पाणी पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी दिसेल. ते अपेक्षितच आहे.

तारीख ठरवताना शेतीचं गणित असं करा: चार ते सहा आठवडे ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, पोतं उचलणं नाही. पेरणीच्या पंधरा दिवस आधीची तारीख घेऊ नका. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. नेमकं तेव्हाच, बरं वाटायला लागलेलं असतं म्हणून, माणूस शिवारात फेरी मारून येतो. थोडी लाली असेल तर पाणी जास्त प्या आणि पडून राहा. गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नका, ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात लगेच जा.

आणि काढलेला तुकडा तपासणीला जातो. त्याचा रिपोर्ट आठवड्याभरात येतो. बरेच जण तो घ्यायला परत जातच नाहीत. जाऊन घ्या, आणि मला आणून दाखवा.